मांडणीपलीकडची रेंज

"धोंडिराम, जरा डावीकडं सरक," मामा म्हणाले आणि एकशे आठ किलोचा धोंडिराम वायफायचा डबा डोक्यावर धरून एक पाऊल डावीकडे सरकला. डब्याची वायर त्याच्या पाठीवरून लोंबत होती. हलायचं नाही असं बजावल्यामुळे तो श्वाससुद्धा जपून घेत होता.

"आली का गं?" मामांनी सोप्यातून हाक दिली.

मी घराच्या दुसऱ्या टोकाला, मागच्या खोलीत, फोन हातात धरून उभी होते. "एक काडी आली," मी सांगितलं. मग फोनकडे पुन्हा पाहिलं आणि खरं ते बोलले, "गेली."

सहा-सात वर्षं झाली या गोष्टीला. मामा म्हणजे माझे सासरे, हिंदुराव वस्ताद. गडहिंग्लजच्या पलीकडे डोंगराच्या खोबणीत आमची हुरळेवाडी आहे, आणि तिथल्या तालमीत दोन पिढ्या मामांच्या हाताखाली तयार झाल्या. तालीम सुटली की पोरं आमच्या सोप्यात येऊन बसत. सकाळी नऊपासून सोपा भरलेला असे, टीव्हीवर कुस्त्या आणि खाली त्या कुस्त्यांवरच्या कुस्त्या. वायफायही मामांनी त्यासाठीच घेतलं होतं. कुठल्याशा मैदानाची कुस्ती फोनवर अडकत अडकत दिसली आणि नेमका डाव पडायच्या वेळी चाक फिरायला लागलं, तेव्हा मामा दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन अर्ज भरून आले. आमच्या गावात मोबाइलला रेंज नावालाच होती. बोलायचं तर लोक देवळाच्या कट्ट्यावर चढत.

तर वायफाय आलं, आणि वस्तूला मान द्यायची आमच्या घरची रीत म्हणून तो डबा सोप्यात मामांच्या फोटोखालच्या फळीवर बसला. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार पडला. सोप्यात रेंज फर्स्ट क्लास होती, माजघरात बरी होती. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की संपली.

आमचं घर म्हणजे एकामागे एक चार खोल्या. पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी माझी आणि रणजितची खोली. रणजित माझा नवरा, साखर कारखान्यात पाळीवर. आठ वर्षं मी त्या शेवटच्या खोलीत रेंजवाचून सुखाने राहिले होते. पण त्या आठवड्यात मला त्या खोलीत, त्याच टेबलावर, अर्धा तास न तुटणारी रेंज हवी होती, आणि नाही मिळाली तर माझं काही खरं नव्हतं.

कारण असं होतं. माझं माहेर संकेश्वरकडचं. घरात मराठी, शाळेत कानडी. दोन्ही भाषा मला सारख्याच येतात, कुठली कुठे संपते ते मलाही कळत नाही. लग्न होऊन हुरळेवाडीत आले आणि माझी कानडी ट्रंकेत गेली. इथे ती कुणाशी बोलणार? म्हशीशी बोलून पाहिली, तिने मान फिरवली. मग एकदा माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने, सुनंदाने निरोप धाडला. ती हुबळीच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती. आपल्या बाजूचे पेशंट तिथे खूप जात आणि डॉक्टरांना काय होतंय ते सांगता येत नसे. दवाखान्याला अशी बाई हवी होती जी घरी बसून, व्हिडिओवरून, पेशंटचं डॉक्टरांना आणि डॉक्टरांचं पेशंटला समजावून सांगेल. वेळ दहा ते चार. परीक्षा एकच, अर्ध्या तासाची, जिथे बसून रोज काम करणार तिथूनच द्यायची. जागा शांत हवी. एकदा लाइन तुटली तर चालवून घेऊ, दुसऱ्यांदा तुटली तर पुढच्या बाईचा नंबर.

मला ते काम हवं होतं. अगदी लहान पोरीला जत्रेतली बाहुली हवी असते तसं हवं होतं. आठ वर्षांत माझ्या भाकरीला लोकांनी नावं ठेवली, माझ्या आमटीची स्तुती केली, पण मला जे येतं आणि दुसऱ्या कुणाला येत नाही असं काही आहे, हे मीसुद्धा विसरत चालले होते.

मामांना विचारलं तेव्हा त्यांनी मिशीवर हात फिरवला. म्हणाले, घरात बसून करायचं असलं तर कर, हुबळीला जायचं नाही. एवढी परवानगी म्हणजे आमच्या घरात दिवाळीच. वर त्यांनी हे काम स्वतःच्या अंगावर घेतलं. सुनेच्या खोलीत रेंज न्यायची म्हणजे मैदान मारायचंच, असं सोप्यात जाहीर झालं.

आत्यांना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. त्यांनी वर न बघता "बरं" म्हटलं. आत्यांचं "बरं" आठ वर्षांत मला कधी नीट वाचता आलेलं नाही. मी त्याचा अर्थ लावला की त्यांना आवडलेलं नाही. दहा ते चार सून टेबलावर बसली तर घर कोण बघणार, हा हिशेब कुठल्याही सासूने केलाच असता.

परीक्षा गुरुवारी अकराला होती. सोमवार ते बुधवार आमच्या घरात जे चाललं ते गाव अजून विसरलेलं नाही. आधी रणजितने डबा वेळूच्या काठीला बांधून माळ्यावर चढवला. रेंज शेजारच्या गोठ्यात गेली. मग तालमीतल्या कुणीतरी मोबाइलवर पाहिलं की डब्याच्या मागे चकचकीत धातू ठेवला की रेंज पुढे फेकली जाते. आमच्या घरात सगळ्यात चकचकीत धातू म्हणजे मामांची चांदीची गदा, पंचवीस वर्षांपूर्वी मारलेल्या मैदानाची. ती मामा कुणाला हात लावू देत नसत. त्यांनी ती स्वतः पुसली आणि डब्याच्या मागे उभी केली. रेंज तसूभर हलली नाही, पण टीव्हीवरची कुस्ती जास्त स्पष्ट दिसते असं मामांचं मत पडलं आणि ते खोडायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी धोंडिरामच्या डोक्यावर डबा देऊन त्याला सोपाभर फिरवण्यात आलं.

बुधवारी दुपारी मीच रडकुंडीला येऊन इरफानला बोलावलं. इरफान मुजावर म्हणजे तालुक्याहून वायफाय बसवायला आलेला माणूस. तो फोनवर रेंज बघत बघत सोप्यातून माजघरात आला, माजघरातून स्वयंपाकघराच्या दारात आला आणि आत शिरून मागे वळला तो दाराशेजारच्या भिंतीकडे बघत उभाच राहिला.

त्या भिंतीवर आत्यांची मांडणी होती.

मांडणी कुणाच्या घरात नसते? पण आमच्या मांडणीसारखी पंचक्रोशीत नव्हती. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली सबंध भिंत, दाराची जागा सोडून, जमिनीपासून तुळईपर्यंत लोखंडी घडवंचीने भरलेली. खाली तांब्याचे हंडे, पाण्याने भरलेले. त्यावर पितळी घागरी, कळशा. मग पातेली, मोठ्यापासून लहानापर्यंत, एकात एक न घालता शेजारी शेजारी. मग स्टीलचे डबे, पराती उभ्या, तांबे पालथे, त्यावर वाट्या. एकूण दोनशे त्रेसष्ट नग. आकडा मला माहीत होता, कारण सणाच्या आधी चिंच आणि राख घेऊन आम्ही दोघी ते सगळे घासायचो, आणि रोज सकाळी आत्या ते सगळे कोरड्या फडक्याने पुसायच्या. दीड-दोन तास त्यात जात. त्यामुळे आमच्या घरात चुलीवर तवा चढायलाच अकरा वाजत. लग्न ठरवायला येणारे पाहुणे मांडणी बघायला आत येत. मामा चारचौघांत सांगत, मांडणी बघावी तर माझ्या बायकोची. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी एक तांब्या चुकून वाट्यांच्या रांगेत ठेवला होता. आत्यांनी तो उचलला आणि जागेवर ठेवला. त्यानंतर आठ वर्षं मी त्या मांडणीला विचारल्याशिवाय हात लावलेला नव्हता.

"वैनी," इरफान म्हणाला, "तुमची भिंत साधी इटांची हाय. तिचं काय न्हाई. पर ह्यो पत्र्याचा किल्ला हाय बगा. त्यात खाली पाणी भरलेलं. ह्याच्यातनं वारं जाईना, रेंज कुठली जाती?"

"हळू बोला," मी म्हटलं.

"एवढं काडून बाजूला ठेवा. मागच्या खोलीत तीन काड्या येतील, लिवून देतो."

मी त्याला जवळजवळ ढकलत माजघरात नेलं आणि दुसरा उपाय विचारला. वायर ओढता येईल, पण वायरचं भेंडोळं तालुक्यालाही संपलं होतं, यायला चार दिवस. रेंज पुढे ढकलणारी एक डबी त्याच्या पिशवीत होती, ती त्याने माजघरात लावून पाहिली. माजघरातली रेंज वाढली आणि मांडणीपाशी येऊन पुन्हा बसली. मी म्हटलं, राहू दे, जमेल तसं करते. तो निघून गेला. मी मागे वळले तर आत्या स्वयंपाकघराच्या अंगणाकडच्या दारात तांदळाचं सूप घेऊन बसलेल्या. ऐकलं होतं की नव्हतं ते त्यांच्या तोंडावरून कळेना. त्या खडे काढत होत्या.

रात्री रणजित म्हणाला, आईला विचारून बघू. मी नको म्हटलं. विचारलं असतं तर त्या कदाचित हो म्हणाल्या असत्या, आणि मग जन्मभर त्या "हो"चं ओझं मला वाहावं लागलं असतं. दुसऱ्याच्या आयुष्याची शोभा आपल्या अर्ध्या तासासाठी कशी मोडायची? मी ठरवलं, खोलीचं दार उघडं ठेवायचं, टेबल दाराला लावायचं, आणि बाकी देवावर सोडायचं.

गुरुवारी रणजित पहिल्या पाळीला गेला. मामांनी सोप्यात टीव्ही बंद केला आणि पोरांना सांगितलं की अकरा ते साडेअकरा कुणी बोलायचं नाही. आठ पैलवान हाताची घडी घालून बसले. मी नवं लुगडं नेसले होते आणि टेबल दाराला लावून ठेवलं होतं.

अकरा वाजता हुबळीच्या डॉक्टरबाई फोनवर आल्या. डॉक्टर हिरेमठ. चेहरा कडक, पण बोलणं मऊ. त्यांनी कानडीत नाव-गाव विचारलं, मी सांगितलं. त्यांनी शिक्षण विचारलं आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तोच त्यांचा चेहरा थिजला. एक डोळा अर्धा मिटलेला, तसाच. "हॅलो, हॅलो," मी म्हणत राहिले. मग फोन काळा पडला.

एकदा तुटली होती.

पुन्हा जोडायला तीन मिनिटं गेली. डॉक्टरबाई म्हणाल्या की ठीक आहे, पण आता पेशंट समोर बसवते आहे, खरा पेशंट आहे, त्याच्यासमोर तुटता कामा नये. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पेशंट आजऱ्याकडचे एक म्हातारे होते, डोक्याला पटका. ते बोलायला लागले आणि पहिल्याच वाक्यात त्यांचे शब्द तुटायला लागले. "पोट तट... कसर... चव..." चित्र पुन्हा अडखळायला लागलं. मला कळलं, हे गेलं. मी टेबलाची कड घट्ट धरली आणि डॉक्टरबाईंना काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करायला लागले.

आणि चित्र सुटलं. आधी म्हाताऱ्यांची मान हलली, मग आवाज आला, मग पटक्याची किनारसुद्धा स्वच्छ दिसायला लागली. मी त्यांना म्हटलं, "बाबा, परत एकदा सांगा."

"पोट तटतटलंय," ते म्हणाले, "तोंडाला चव न्हाई. आन् चार दिस अंगात कसर हाय."

मी डॉक्टरबाईंना सगळं नीट सांगितलं, आणि कसर म्हणजे हाताला न लागणारा, पण माणसाला आतून जाणवणारा बारीक ताप, हेही सांगितलं. त्यांनी पेन उचललं. म्हणाल्या की सकाळी ताप मोजला तेव्हा नव्हता, म्हणून आम्ही लिहिलाच नाही, संध्याकाळी मोजायला हवा. मग त्यांनी विचारलं, मी सांगितलं, म्हाताऱ्यांनी विचारलं, मी सांगितलं. थोड्या वेळाने ते दोघं एकमेकांकडे बघूनच बोलायला लागले आणि मी मधे आहे हे विसरून गेले. इतकं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं. अर्धा तास झाला, पाऊण झाला, लाइन तुटली नाही. शेवटी म्हाताऱ्यांनी हात जोडले आणि मला म्हणाले, "लेकी, पयल्यांदाच कुणीतरी माझं समदं ऐकलं बघ." डॉक्टरबाई म्हणाल्या की दोन-चार दिवसांत कळवते.

फोन ठेवला आणि मला जाणवलं की घरात चिडीचूप आहे. टीव्ही बंद होता ते ठीक, पण भांड्याला भांडं लागल्याचाही आवाज नव्हता. मी बाहेर आले.

मांडणी रिकामी होती.

नुसती घडवंची उभी होती आणि तिच्या मागे मी आठ वर्षांत न पाहिलेली भिंत, निळा चुना लावलेली. अंगणाकडच्या दारापाशी आत्या पदर खोचून उभ्या होत्या, कपाळावर घाम. दारापासून पार अंगणातल्या गोठ्यापर्यंत आठ पैलवान ओळीने उभे, पायात काही नाही, आणि हातातून हातात शेवटच्या वाट्या चालल्या होत्या. एकेक वाटी दोन्ही हातांच्या ओंजळीत, जणू आत अंडं आहे. अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या आणि त्यावर दोनशे त्रेसष्ट नग उन्हात चकाकत बसले होते. दोन भांड्यांच्या मधे पोरांनी आपले लंगोट, टॉवेल, मिळेल ते घातलं होतं, आवाज होऊ नये म्हणून. मामा ओळीच्या शेवटी उभे होते. वस्तादांच्या काखेत परात होती.

पुढचं धोंडिरामने मला नंतर सांगितलं. पहिल्यांदा लाइन तुटली आणि माझं "हॅलो, हॅलो" स्वयंपाकघरात ऐकू गेलं, तेव्हा आत्या चुलीपासून उठल्या आणि सरळ सोप्यात गेल्या. आत्या पुरुष बसलेले असताना सोप्यात कधी येत नसत. चहासुद्धा माजघराच्या दारात ठेवायच्या. त्या दिवशी त्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या, आणि सगळी पोरं गडबडून उठली. त्या हळूच म्हणाल्या, "समदे आत चला. आवाज केला तर बघा." मामा काहीतरी विचारायला लागले, तर त्यांनी मामांच्या तोंडावर बोट ठेवलं. धोंडिरामने ही गोष्ट मला तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा या ठिकाणी त्याचा आवाज खाली गेला. सगळ्यात आधी त्यांनी पाण्याचे हंडे काढायला लावले. पाण्यासकट. एकटा धोंडिराम एकेक भरलेला हंडा छातीशी धरून थेंब न सांडता बाहेर नेत होता.

शेजारच्या हौसाकाकू तेवढ्यात कुंपणावरून डोकावल्या. अंगणात सगळी भांडी आली म्हणजे गावात एकच अर्थ निघतो. "वैनी, वाटण्या झाल्या काय?" त्यांनी विचारलं. रणजितला भाऊ नाही हे त्यांना माहीत असूनही विचारलं. आत्यांनी त्यांच्याही दिशेने बोट उचललं आणि हौसाकाकू जिथल्या तिथे गप्प झाल्या.

मी आत्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला धरलं. "झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं. एकदाच तुटली."

"बरं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मामांनी पोरांना पुन्हा बोलावलं. रणजितही पाळीवरून आला होता. मामा फार खुशीत होते. मैदान मारलं होतं, तेही सुनेने आणि बायकोने मिळून. त्यांनी हुकूम सोडला की सगळी भांडी होती तशी लागली पाहिजेत, आत्या सांगतील तसं, एक वाटीसुद्धा इकडची तिकडे होता कामा नये. आणि चार दिवसांत वायर आली की इरफानकडून ती ओढून घेऊ, म्हणजे मांडणी पुन्हा हलवायला नको. मी तर लगेच एक घागर उचलली होती. त्यांनी जे माझ्यासाठी मोडलं ते जागेवर लावून देणं, एवढं तरी मी करायला हवं होतं.

"ठेव ती," आत्या म्हणाल्या.

मी थांबले. पोरंही थांबली.

"मांडणी परत लावायची न्हाई."

मामा हसले. म्हणाले, अगं, वायर आली की भांड्यांचा काही अडथळा नाही, पोरीचं काम अडणार नाही.

"तिचं न्हाई अडायचं," आत्या म्हणाल्या. "माझं अडतंय."

त्या गोठ्याच्या कट्ट्यावर बसल्या. एवढं एका वेळी बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "सतरा वर्सांची हुते मी, ह्या घरात आले तवा. तुमच्या आईनं हाताला धरून मांडणीफुडं नेलं आन् म्हटलं, ही आता तुझी. मला वाटलं काय तरी दिलं. दुसऱ्या दिशी फडकं दिलं. त्या हुत्या तवर भ्याऊन पुसली. त्या गेल्या, मला वाटलं आता सुटले. तर तुम्ही चारचौघांत सांगाय लागला, मांडणी बघावी तर माझ्या बायकूची. मग मोडू कशी? एकतीस वर्सं झाली. रोज सकाळचं दोन तास. एकतीस वर्सांत त्यातल्या धा भांड्यांत बी कधी काय शिजवलं न्हाई."

मामांनी मिशीवर हात नेला आणि तो तिथेच राहिला. "अगं, पण तू कधी म्हणाली न्हाईस," ते शेवटी म्हणाले.

"तुमी कधी इचारलं न्हाई," आत्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आन् हिनं बी न्हाई."

आठ वर्षं मी त्या मांडणीला हात लावला नव्हता, त्यांचं मन राखायचं म्हणून. आदल्या रात्री तर त्याच मनासाठी मी माझं कामही सोडून द्यायला निघाले होते. आणि त्यांनी मग सांगितलं, आदल्या दुपारी त्यांनी इरफानचा शब्द न् शब्द ऐकला होता, आणि रात्रभर मी विचारायला येईन म्हणून त्या जाग्या होत्या. मला हसू आलं. हसता हसता रडू आलं. आत्याही हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत, आणि मग धोंडिराम हसला, तेव्हा पहिल्यांदा एक परात दणकन खाली पडली आणि गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

मामांनी त्याच संध्याकाळी निकाल लावला. हंडे आणि मोठी पातेली तालमीत गेली, दूध तापवायला. घागरी आणि पराती देवळात गेल्या, गावजेवणाला. रोजच्या वापराची तीस-एक भांडी आत्यांनी स्वतः निवडली आणि चुलीशेजारच्या फळीवर लावली, कशीही. तांब्या वाट्यांत गेला तरी कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आत्या पायरीवर बसून चहा पीत होत्या. कप रिकामा झाला तरी बसून होत्या. मी विचारलं, काय हवंय का? म्हणाल्या, "काय नको. बसलेय."

सोमवारी सकाळी मी मागे कपडे वाळत घालत होते. फोन स्वयंपाकघरात, त्या निळ्या भिंतीपाशी ठेवला होता. तो वाजला. मी ओले हात पुसेपर्यंत आतून आत्यांचा आवाज आला, आणि मी दोरीपाशीच थांबले, कारण तो आवाज मी ओळखला नाही. आत्या अगदी शाळेतल्या बाईंसारखं, एकेक शब्द तोलून बोलत होत्या. पलीकडे सुनंदा असणार, डॉक्टरबाईंचा निरोप सांगणारी.

"होय, सासूबाई बोलत आहे. होय का? फार छान झालं. नाही, नाही, तिला विचारायची गरज नाही, ती काम करणार आहे. उद्यापासूनच?" मग जरा थांबून, "दहाला ना? काही हरकत नाही. आमच्याकडे साडेनऊलाच सगळं आवरतं."

आमच्या घरात साडेनऊला कधीच काही आवरत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आवरायला लागलं.